नाव आणि नावे : अभिनेत्रींच्या आत्मकथनांतील प्रसिद्धी व प्रतिष्ठा

मराठीत 'नाव' या शब्दाचे वर्तन मोठे चमत्कारिक आहे. एकवचनात ते कमावले जाते, काढले जाते, राखले जाते, गाजते. अनेकवचनात आले की ते बहुधा ठेवले जाते. ('नाव ठेवायला जागा नाही' असा एकवचनी प्रयोग आहे, पण तोही नकारार्थीच चालतो, हे लक्षात घ्यावे.) ज्याचे नाव झाले त्यालाच नावे ठेवली जातात, हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. नाव होते ते असंख्य अनोळखी लोकांत. नावे ठेवतात ते ओळखीचे, शेजारचे, आपल्या बोलीतील 'चारचौघे'. प्रसिद्धी अनोळखी माणसे देतात आणि प्रतिष्ठा चारचौघे देतात, हा भेद आपल्या भाषेने जितका सहज सांभाळला आहे तितका प्रसिद्धीविषयीच्या पाश्चात्त्य सिद्धान्तनाने सांभाळलेला दिसत नाही. अलीकडे आपण जिला 'सेलिब्रिटी संस्कृती' म्हणू लागलो आहोत तिचा व्यक्तीच्या असुरक्षिततेशी काय संबंध आहे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे काही मराठी अभिनेत्रींच्या आत्मकथनांना विचारावयाचा आहे.

प्रथम त्या सिद्धान्तनाकडे थोडक्यात पाहू. लिओ लोवेन्थाल याने १९४४ मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय नियतकालिकांतील चरित्रलेखांचा अभ्यास करून असे दाखविले की विसाव्या शतकाच्या आरंभी उद्योग, राजकारण अशा उत्पादक क्षेत्रांतील माणसे चरित्रनायक होती, पुढे त्यांची जागा करमणुकीच्या क्षेत्रातील माणसांनी घेतली आणि चरित्राचा आशयही नायकाच्या कर्तृत्वाकडून त्याच्या आवडीनिवडींकडे सरकला. डॅनिएल बूर्स्टिनने साठच्या दशकाच्या आरंभी त्याच्या पुढचे पाऊल टाकले : त्याच्या मते आधुनिक प्रसिद्ध व्यक्ती ही केवळ प्रसिद्ध असल्यामुळे प्रसिद्ध असते. फ्रान्चेस्को अल्बेरोनी या इटालियन समाजशास्त्रज्ञाने तारे-तारकांना सत्ताहीन अभिजन म्हटले. समाज त्यांच्याकडे पाहतो, पण समाजाविषयीचे निर्णय त्यांच्या हाती नसतात. या तिघांची विवेचने मोलाची आहेत. मात्र तिन्हींत एक गृहीत समान आहे. तारा हा दृश्याच्या केंद्रस्थानी स्थिर असतो आणि अस्थिरता असलीच तर ती पाहणाऱ्याच्या मनात असते, असे ते गृहीत होय. मराठी अभिनेत्रींची आत्मकथने वाचताना हेच गृहीत सर्वप्रथम कोसळते.

माझ्यासमोर मुख्यतः दोन पुस्तके आहेत. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' आधी १९६६ मध्ये 'माणूस'मधून आणि मग १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याचे शब्दांकन अरुण साधू यांचे. 'मी, दुर्गा खोटे' हे १९८२ मधले. शान्ता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' (१९९०) आणि लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत' (१९८१) ही पुस्तके आधाराला घेत आहे. अशा पुस्तकांतील छायाचित्रे आपण आधी पाहतो आणि मजकूर नंतर वाचतो, ही सवय मलाही आहे. ती कबूल केलेली बरी, कारण या पुस्तकांना ज्या नजरेविषयी बोलावयाचे आहे तिचाच तो एक अवशेष आहे.

शीर्षकांपासून आरंभ करू. 'सांगत्ये ऐका' हे अनंत माने यांच्या १९५९ सालच्या चित्रपटाचे नाव. 'कशाला उद्याची बात' हे शब्द 'माणूस' (१९३९) मधील शान्ताबाईंच्या गाजलेल्या गाण्याचे. दोघींनीही आपल्या आयुष्याचे नाव पडद्यावरून उचलले आहे. आत्मकथन म्हणजे भूमिका उतरवून स्वतःच्या आवाजात बोलणे, असे आपण मानतो. येथे मात्र स्वतःच्या आवाजाकडे लक्ष वेधण्यासाठीच भूमिकेचा दाखला द्यावा लागतो. 'मी एक बाई बोलते आहे' एवढे सांगितल्याने कोणी थांबणार नाही, 'तुम्ही ज्या बाईला पाहिले होते ती बोलते आहे' असे सांगितले तर थांबतील, ही जाणीव या शीर्षकांत आहे. प्रकाशकीय सोय म्हणून ती बाजूला सारता येणार नाही. याउलट दुर्गाबाईंचे शीर्षक पाहावे. त्यात कोणताही चित्रपट नाही. एक सर्वनाम, एक स्वल्पविराम आणि एक पूर्ण नाव. या स्वल्पविरामाच्या मागे कोणती सामाजिक तजवीज उभी आहे, हे पुढे पाहू.

दोघींच्या नावांचा इतिहास एकमेकींच्या नेमका उलट आहे. हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर. १९३६ साली 'विजयाची लग्ने'मधून त्या पडद्यावर आल्या तेव्हा त्यांचे वय तेरा वर्षांच्या आसपास होते. घरची ओढगस्त हे कारण. नाव बदलले गेले ते घराण्याचे नाव पडद्यावर येऊ नये म्हणून. दुर्गाबाईंच्या बाबतीत याच्या बरोबर उलट घडले. त्या नामांकित सॉलिसिटरच्या कन्या, कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या, सधन खोटे कुटुंबाच्या सून. सासरच्या घराची आर्थिक घडी विस्कटल्यावर १९३१ मध्ये 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक छोटे काम पत्करले आणि चित्रपटाच्या जाहिरातीने त्यांच्या माहेर-सासरच्या घराण्यांचाच गाजावाजा केला. एकीचे आडनाव कलंक लागू नये म्हणून लपविले गेले, तर दुसरीचे आडनाव प्रतिष्ठित होते म्हणूनच विकावयास काढले गेले. दोन्ही व्यवहारांत चित्रपट नावाच्या नव्या धंद्याला एक गोष्ट नेमकी कळली होती : प्रसिद्धी त्याला निर्माण करता येत होती, प्रतिष्ठा मात्र बाहेरून उसनी आणावी लागत होती.

उसनवारीचा हा व्यवहार दुर्गाबाईंना महाग पडला. त्या चित्रपटावरून उठलेली टीका, आप्तांची नाराजी आणि चारचौघांत झालेली मानहानी यांचा त्यांच्या मनावर झालेला आघात त्यांच्या पुस्तकातील सर्वांत धारदार भागांपैकी आहे. आणि सुटका कशाने झाली? 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) मधील तारामतीच्या भूमिकेने. भर बाजारात विकली जाणारी आणि तरीही राणीच राहणारी तारामती! पौराणिक पातिव्रत्याच्या या वस्त्राखाली कुलीन घरातील स्त्रीचे पडद्यावर येणे समाजाला पचविता आले. दुर्गाबाईंना प्रतिष्ठा परत मिळाली ती अभिनयगुणांनी, हे खरेच आहे. पण त्या गुणांना वाव देणारी चौकट आधी शिष्टमान्य असावी लागली, हेही तितकेच खरे. पुढे त्यांनी स्वतःची निर्मितिसंस्था उभारली, जाहिरातपट आणि अनुबोधपट काढले. १९८८ मधील 'वागळे की दुनिया' ही दूरदर्शन मालिका त्याच संस्थेची. १९८३ चे फाळके पारितोषिक त्यांना मिळाले. या सर्व वाटचालीत एक गोष्ट सतत जाणवते : प्रसिद्धीवर विसंबून राहणे त्यांनी शक्य तितके टाळले. शिक्षण, भाषा, घराणे, व्यवसायबुद्धी असे प्रसिद्धीपूर्व भांडवल त्यांच्यापाशी होते. 'मी' आणि 'दुर्गा खोटे' यांच्यामधील स्वल्पविराम ज्या आत्मविश्वासाने पडतो तो या भांडवलाचा आहे.

हंसा वाडकर यांच्यापाशी हे काहीच नव्हते. कलावंत घराण्याची परंपरा होती, आणि ती परंपरा प्रतिष्ठेच्या हिशेबात वजाबाजूला पडत होती. त्यांच्या पुस्तकाचे आशयसूत्र सामान्यतः स्वैर आयुष्याची बेधडक कबुली असे मानले जाते. मला ते वाचन अपुरे वाटते. या पुस्तकात वारंवार परतून येणारी इच्छा एकच आहे, आणि ती अगदी साधी, मध्यमवर्गीय म्हणावी अशी आहे : आपले घर असावे, आपण त्या घरची गृहिणी असावे. पडद्यावर 'संत सखू' (१९४१) होऊन त्यांनी सोशिक सुनेचा आदर्श रंगविला, 'रामशास्त्री'त (१९४४) त्या दिसल्या, आणि १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'पासून 'सांगत्ये ऐका'पर्यंत तमाशातील स्त्रीची त्यांची प्रतिमा महाराष्ट्राच्या मनावर ठसली. 'सांगत्ये ऐका' पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. हे यश ज्या घरात येत होते त्या घरात मात्र त्यांनी काम थांबविणे कोणालाच परवडणारे नव्हते. पतीलाही नव्हते. गृहिणी होण्याची इच्छा आणि घर चालविण्याची सक्ती एकाच व्यक्तीच्या वाट्याला आली, आणि दुसरीने पहिली अशक्य करून टाकली.

येथे माक्स वेबरने वर्ग आणि दर्जा यांत केलेला भेद आठवतो. वर्ग बाजारातील स्थानावर ठरतो, दर्जा इतरांनी मान्य केलेल्या सन्मानावर. आणि हा सन्मान कोणाशी विवाहसंबंध जुळतात, कोणाच्या पंक्तीला कोण बसते यांतून व्यक्त होतो. आपल्याकडील रोटीबेटीव्यवहाराची कल्पना याहून वेगळी नाही. हंसाबाईंना बाजाराने वर्ग दिला, समाजाने दर्जा नाकारला. आत्मकथनाच्या मध्यभागी येणारा मराठवाड्यातील मुक्कामाचा प्रसंग या दृष्टीने वाचावा लागतो. सगळे सोडून एका पुरुषाबरोबर त्या तिथे गेल्या आणि त्याच्या आधीच भरलेल्या घरात पडद्याआडच्या बाईचे आयुष्य जगल्या. वाचक विचारतो, एवढी नामवंत बाई असे का वागली? प्रश्नच चुकीचा आहे. नाव होते म्हणूनच ती तिथे गेली. नाव नसलेली, केवळ 'घरातली' बाई होण्याची एक संधी तिला त्या वाड्यात दिसली. ती संधी कैद निघाली, हा पुढचा भाग. सुरक्षिततेचा शोध ज्या ठिकाणी संपावा असे समाजाने शिकविले होते, तेच ठिकाण तिच्या वाट्याला आले तेव्हा त्याचे हे रूप होते.

या निवेदनाची शैलीही पाहण्यासारखी आहे. त्यात स्वतःची बाजू मांडण्याचा आटापिटा नाही, करुणेची याचनाही नाही. घटना येतात आणि जातात. दारूविषयी जितक्या सपाट स्वरात सांगितले जाते तितक्याच सपाट स्वरात अपमानाविषयी. शब्दांकनकाराचा वाटा यात किती, हा प्रश्न उरतोच आणि तो सोडविता येणार नाही. पण हा स्वर ज्याने कोणी राखला त्याने एक फार महत्त्वाची गोष्ट ओळखली होती : सतत पाहिल्या जाणाऱ्या माणसाला स्वतःविषयी बोलतानाही प्रेक्षक डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि त्याला खूश न करता बोलणे हीच त्याची एकमेव सुटका असते.

'सांगत्ये ऐका' पुस्तकरूपाने आले त्याच वर्षी, १९७० च्या अखेरीस, 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. या योगायोगाकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. गणपतराव बेलवलकर हाही प्रसिद्धीच्या उतरणीवरचा कलावंत, त्यालाही घर हवे आहे आणि घरातच त्याची मानखंडना होते. मात्र त्याच्या असुरक्षिततेला शेक्सपिअरची सावली मिळाली. आपण तिला शोकात्म म्हटले आणि तिच्यात मानवी नियती पाहिली. हंसाबाईंच्या असुरक्षिततेत आपण पाहिले ते त्यांचे चारित्र्य. एक कल्पित पुरुष आणि एक प्रत्यक्ष स्त्री यांची तुलना अन्याय्य आहे, असा आक्षेप येऊ शकेल. तो मला मान्य नाही, कारण तुलना व्यक्तींची नसून वाचनाच्या रीतींची आहे. नटाचे दुःख वैश्विक आणि नटीचे दुःख तिच्या वागण्याचे फळ, ही वाटणी आपल्या टीकेत मूल्यव्यवस्थेसारखी काम करते आणि ती करीत आहे याचे भानही राहत नाही.

बालगंधर्वांचे उदाहरण याच वाटणीला दुसऱ्या बाजूने उजेडात आणते. त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना यांचे अनुकरण त्या काळच्या कुलीन घरांतील स्त्रियांनी केले, हे सर्वज्ञात आहे. त्या अनुकरणाने कोणाच्याही प्रतिष्ठेला धक्का लागला नाही. स्त्रीत्वाचा आदर्श पुरुषाने उभा केल्यामुळे तो निर्धास्तपणे घरात आणता आला. तोच आदर्श प्रत्यक्ष स्त्रीने रंगभूमीवर वा पडद्यावर दाखविला असता तर या घरांनी तिची साडी घेतली असती आणि तिला उंबऱ्याबाहेर ठेवले असते. पुढे नेमके तेच झाले.

आता पाहणाऱ्याकडे वळू. लिऑन फेस्टिंगरने १९५४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार माणूस स्वतःचे मोल इतरांशी तुलना करून ठरवितो, आणि ही तुलना तो प्रामुख्याने आपल्यासारख्यांशी करतो. मग तारकेमुळे सामान्य स्त्रीला असुरक्षित वाटावे तरी का? अप्सरेशी कोणी स्पर्धा करीत नाही. तारका तुलनायोग्य व्हावयाची तर तिला आधी शेजारीण करावी लागते, आणि हे काम जाहिरातीने व सचित्र मुलाखतींनी केले. लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत आल्या. त्या साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या पहिल्या भारतीय तारका म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्या पदवीधर होत्या आणि त्यांच्या शिक्षणाचाही प्रसिद्धीसाठी उपयोग करून घेण्यात आला. साबणाची वडी कोणालाही विकत घेता येते. पदवीही निदान कल्पनेत मिळविता येते. या दोन दुव्यांनी तारका मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली आणि तेथून पुढे आरसा पूर्वीसारखा राहिला नाही. हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्ये ज्याला एकतर्फी जवळिकीचा संबंध म्हटले तो हाच : मला ती माहीत आहे, तिला मी माहीत नाही, आणि तरीही माझे घर, माझा वर्ण, माझी साडी मी तिच्यासमोर तपासून पाहते.

म्हणजे असुरक्षितता दोन्ही टोकांना आहे आणि ती परस्परांना पोसते. प्रेक्षकाला तारकेसमोर स्वतःचे जगणे उणे वाटते. हे उणेपण झाकण्यासाठी तो चारचौघांत तिला नावे ठेवतो. आणि या नावांच्या धास्तीने तारका प्रेक्षकाच्याच घराचे, त्याच्याच संसाराचे स्वप्न पाहते. हंसाबाईंना जे घर हवे होते ते त्यांच्या तिकीटबारीसमोर रांगेत उभ्या असलेल्या बाईचे घर होते.

या व्यवहारात आज काय बदलले? प्रसिद्धी सुलभ झाली, असे म्हणतात. माझ्या मते बदल वेगळ्या ठिकाणी झाला आहे. पूर्वी अनोळखी लोक आणि चारचौघे हे दोन वेगळे न्यायाधीश होते आणि त्यांचे निवाडे एकमेकांविरुद्ध जात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हे दोघे एकाच ठिकाणी बसलेले असतात. पुतणीच्या छायाचित्राला किती अनोळखी लोकांनी पसंती दिली, हे तिच्या आत्याला दिसते, आणि आत्याचे मत त्या आकड्यावर हलते. प्रतिष्ठेचे जुने निकष गेलेले नाहीत, जात तर नाहीच नाही. त्यांच्यावर या आकड्याचे आणखी एक ओझे पडले आहे. अनोळखी नजरेसमोर रोज उभे राहणे, रोज तोलले जाणे आणि उद्या हीच माणसे आपल्याला पाहतील की नाही या शंकेत झोपणे, हा एकेकाळी नटीच्या व्यवसायाचा भाग होता आणि त्याचा तिला निदान मोबदला मिळे. आज तो अनुभव अकरावीतल्या मुलीचाही आहे.

याला उत्तर म्हणून असे म्हटले जाईल, आणि ते म्हणणे वजनदार आहे, की प्रसिद्धीच्या या लोकशाहीकरणाने ज्यांना चारचौघांनी कधीच मान दिला नाही त्यांना एक पर्यायी मार्ग दिला. खेड्यापाड्यांतील, कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलामुलींनी टिकटॉकवर जो प्रेक्षक मिळविला तो त्यांना कोणत्याही नाट्यगृहाने वा वाहिनीने दिला नसता. हे मी नाकारीत नाही. परंतु २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ते उपयोजन बंद केले आणि हा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. निर्णयाची कारणे आंतरराष्ट्रीय राजकारणातील होती. ज्यांचे नाव गेले त्यांचा त्या राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता. विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण याहून जुने आहे आणि अधिक बोलके आहे. तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्रभर नाव, १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, आणि २००२ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा अखेरचा काळ हलाखीचा. पुढे शासनाने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. नाव असे राखले गेले. ज्या बाईचे ते होते तिची आबाळ झाली.

आकड्यांची ही व्यवस्था माणसाला नेमके काय देते, हे तपासण्यासाठी आपल्याला समाजमाध्यमांवरील ताज्या अभ्यासांबरोबरच या जुन्या आत्मकथनांकडे वळावे लागेल, कारण तो अनुभव घेऊन, त्यात मोडून आणि मग त्याविषयी बोलून झालेल्या माणसांचे ते दस्तऐवज आहेत. मराठीत अशा पुस्तकांची एक लहानशी परंपराच आहे. तिला चित्रपटविषयक वाङ्मय या कप्प्यात टाकून आपण तिची वाङ्मयीन चिकित्सा टाळली.

'सांगत्ये ऐका'वर आधारित श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' १९७७ मध्ये आला. मुख्य भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि हंसाबाईंची कथा मराठीबाहेर पोहोचली. हंसाबाई तेव्हा हयात नव्हत्या. १९७० नंतर त्यांना फार आयुष्य लाभले नाही. चित्रपटातील नायिकेलाही दोन नावे आहेत, घरचे उषा आणि पडद्यावरचे उर्वशी. रतन आणि हंसा ही दोन्ही नावे मात्र त्यात नाहीत.